बाबाकुतूच्या जंगलात तीन सकाळी

अंदासिबेला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि पावसाची भुरभुर सुरू होती. मादागास्करच्या राजधानीपासून, अंतानानारिवोपासून (तिथे सगळे नुसतं ‘ताना’ म्हणतात), हे गाव दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. पण बंदराकडून येणारे ट्रक, घाट आणि खड्डे यांत साडेपाच तास गेले. रस्त्याच्या कडेला लोणारी कोळशाची पोती ओळीने उभी होती, तोंडाशी गवत खुपसून बांधलेली. मागच्या टेकड्या बोडक्या, काही अजून काळ्या. शेतीसाठी जंगल जाळायच्या पद्धतीला तिथे ‘तावी’ म्हणतात. माकडांच्या दूरच्या नात्यातले लेमूर का संपत चाललेत, ते जंगलात शिरण्याआधी या रस्त्यावरच कळतं.

लेमूर जगात निसर्गतः फक्त याच बेटावर आहेत. २०२० साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने धोक्यातल्या जातींची लाल यादी नव्याने काढली, तेव्हा १०७ जातींपैकी १०३ धोक्यात होत्या आणि त्यातल्या ३३ अतिसंकटग्रस्त. त्यात एकेका जातीचा मुलूख केवढासा! मानेभोवती केसांची झालर असलेला तांबडा लेमूर ईशान्येच्या मासोआला द्वीपकल्पाच्या आसपासच राहतो, दुसरीकडे नाही. एखादी मोठी नदी आडवी आली की पलीकडे जात बदलते. म्हणून एका फेरीत सगळे बघू, असं ठरवून जाऊ नका. आमच्या मूळ बेतात अंदासिबेला अर्धाच दिवस होता. मावशीने हट्ट धरून तीन रात्री करायला लावल्या, आणि तिचंच बरोबर निघालं.

इथला मानकरी म्हणजे इंद्री हा लेमूर. स्थानिक नाव बाबाकुतू. त्यांच्या भाषेतही ‘बाबा’ म्हणजे वडीलच, आणि हा आपला पूर्वज मानून त्याला मारणं निषिद्ध समजतात. अशा निषेधाला ‘फादी’ म्हणतात. बाहेरून आलेली माणसं तो पाळतातच असं नाही, तरी इतकी वर्षं इंद्रीला त्याचा आधार झाला.

पहिल्या सकाळी साडेसहाला फाटकाशी हजर झालो. स्थानिक गाइड घ्यावाच लागतो. आमची गाइड तिशीतली, त्याच गावची. तासभर निसरड्या उतारावरून चाललो, मग ती थांबली आणि वर बोट केलं. काळा-पांढरा, आठेक किलोंचा प्राणी, शेपटीच्या जागी नुसतं थोटूक. एका हाताने फांदी ओढून कोवळी पानं निवडत होता. जून पान सोडून द्यायचा. डोळे पिवळट हिरवे. पाठीला बिलगलेलं पिल्लू दिसलं तेव्हा कळलं की ही आई आहे. माद्यांना दोन-तीन वर्षांतून एकदाच पिल्लू होतं, त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला फार काळ लागतो.

मग गाणं सुरू झालं. आधी सगळ्या कुटुंबाची एक खरखरीत आरोळी, नंतर लांब धरलेले सूर, मग वरून खाली घसरत येणाऱ्या ताना. लालभडक तोंडं उघडी, आणि आवाज आपल्या छातीत वाजतो. दोन-तीन किलोमीटर पलीकडच्या डोंगरातून दुसऱ्या कुटुंबाने उत्तर दिलं. मावशी वीस वर्षं गाणं शिकवते. ती माझा दंड धरून हळूच म्हणाली, “अगं, लय बघ, मधूनच दुप्पट होतेय.” परत आल्यावर वाचलं: इंद्रीच्या गाण्यात एकास एक आणि एकास दोन अशी प्रमाणबद्ध लय असल्याचं संशोधकांनी २०२१ साली दाखवलंय. हा प्राणी पिंजऱ्यात जगत नाही, कुठल्याही प्राणिसंग्रहालयात तो नाही. हे जंगल गेलं तर हे गाणंही गेलं.

गाणं साधारण सात ते अकरामध्ये होतं. पहिल्या दिवशी ऐकू आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, सोपी वाट निवडून देतात. मावशीला काठीही मिळाली. राष्ट्रीय उद्यानात रात्री जायला बंदी आहे, पण मित्सिंजो या गावकऱ्यांच्या संस्थेच्या जंगलात रात्रीची फेरी होते. आम्हाला मुठीत मावेल एवढा माउस लेमूर दिसला. शास्त्रज्ञ गुडमन यांच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलंय, पण मलागासी भाषेत भाषांतर करून: ‘लेहिलाहित्सारा’, चांगला माणूस. अशा ठिकाणी दिलेले पैसे गावात राहतात, म्हणून मी त्यांनाच पहिली पसंती देईन. केळं दाखवून लेमूर खांद्यावर चढवणाऱ्या एका खासगी जागी गाडीवाल्याने नेलं होतं. तिथे दिलेल्या पैशांची अजून हळहळ वाटते. ते टाळा.

पुढे दक्षिणेला रानोमाफानात गेलो. विषारी सायनाइड असलेला बांबू खाऊन जगणारा सोनेरी बांबू लेमूर १९८६ साली तिथेच सापडला आणि १९९१ साली उद्यान झालं. तोही अतिसंकटग्रस्त. आम्हाला मिनिटभर दिसला. जळवा मात्र भरपूर, मोजे पँटवर ओढून घ्या. अंबालावाओजवळच्या अंजामध्ये शेपटीवर पट्टे असलेले लेमूर खडकांवर ऊन खात बसलेले असतात, अगदी जवळून दिसतात. तेही राखीव जंगल गावकरीच चालवतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे, रस्ते तुटतात. जून-जुलैत गेलात तर अंदासिबेला स्वेटर हवाच. मुंबईहून मॉरिशस, नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाता येतं. आफ्रिकेतून जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला बरोबर ठेवा, आणि लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. युरो नेऊन तानामध्येच आरियारी (तिथलं चलन) करून घ्या, सुट्ट्या नोटांसकट.

शाकाहारींनी ‘त्सी मिसी हेना’ एवढं पाठ करावं: मांस नसलेलं. भात तिन्ही त्रिकाळ मिळतो. जेवणानंतर भाताच्या खरवडीत पाणी उकळून देतात, त्याला ‘रानोवोला’ म्हणतात. मावशीने पहिल्याच घोटात ओळखलं, आजी तापात द्यायची तसलं.