मानेवरचा मळ नव्हता तो

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे लेकाला पाटावर बसवून उटणं लावत होते आणि माझा हात मानेकडे गेला तसे त्याने खांदे वर घेऊन मान आखडून घेतली. अकरा वर्षांचा पोरगा, बोलला काहीच नाही, फक्त डोळे गच्च मिटून बसला, कारण आता आई घासणार हे त्याला पाठ झालेलं होतं. दीड-दोन वर्षं मी ती मान घासत होते. डाळीचं पीठ, लिंबाची साल, वजरी, एकदा कुणी सांगितलं म्हणून खायचा सोडासुद्धा. मानेच्या मागे काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा, आणि तो काही केल्या जाईना. लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारायचं, "अगं, अंघोळ नीट घालतेस ना याला?" आणि त्याला जोडून वजनाचा विषय निघायचाच, की किती खातो, आवर जरा त्याला. तो ताटावर बसलेला असायचा आणि हे सगळं त्याच्या समोर चालायचं.

त्या दिवशी मी हात मागे घेतला. डिसेंबरात त्याला लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो, मी, नवरा आणि सासूबाई. त्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं तिथे दोन मिनिटांत "खाणं कमी करा, पळवा याला" एवढं सांगून परत पाठवलं होतं, मानेकडे कुणी बघितलंही नव्हतं.

मॅडमनी आधी मान बघितली, मग काखा. म्हणाल्या हा मळ नाही, घासून निघणार नाही, आणि घासूही नका, त्वचा अजून जाड होईल. याला अ‍ॅकॅन्थॉसिस निग्रिकन्स म्हणतात. रक्तात इन्सुलिन फार चढं राहिलं की ते त्वचेच्या पेशींना पण वाढायला लावतं, म्हणून मान, काख, जांघ अशा घडीच्या जागी कातडी जाड आणि काळी होते. इन्सुलिन का चढतं तर शरीर त्याचं ऐकेनासं होतं. कडी वाजवली, आत कुणी ऐकलं नाही, मग अजून जोरात वाजवायची, तसं स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं. साखर काही वर्षं आटोक्यात दिसते, पण चढ्या इन्सुलिनमुळे चरबी साठवायचं काम जोरात आणि साठलेली मोडायचं काम मंद. त्यात दहा ते चौदा हे वय. वयात येताना ग्रोथ हार्मोनमुळे प्रत्येकच मुलात इन्सुलिन थोडं कमी लागू पडतं, पुढे ते आपोआप सावरतं, पण ज्याचं आधीच कमी लागू पडतंय त्याला याच वयात जोराचा धक्का बसतो.

मग त्यांनी उंचीचं विचारलं. आत्ताची नाही, गेल्या तीन-चार वर्षांची. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलची रेघ असते, नशिबाने त्याचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये होता. वर्षाला सहा सेंटिमीटरच्या आसपास वाढत होता. मॅडमचा चेहरा जरा सैल झाला. थायरॉइड कमी असेल किंवा कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढलेलं असेल तर वजन वाढतं पण उंची रखडते, त्यामुळे जाड आणि वयाच्या मानाने बुटकं मूल दिसलं की तिकडे आधी बघायचं. वजनासोबत उंचीही जोमात वाढत असेल तर हार्मोनचा आजार सहसा नसतो. मला हे कुणी आयुष्यात सांगितलं नव्हतं, वजन आलं की आपण सगळे थायरॉइड करून घ्या म्हणतो.

पुढचा प्रश्न, जन्माच्या वेळी वजन किती होतं? 2.3 किलो. हा प्रश्न आला आणि मला एकदम भरून आलं, कारण त्या 2.3 किलोपायीच तर सगळं सुरू झालं होतं. "बाळाला बाळसं नाही" हे मी बाळंतिणीच्या खाटेवर असल्यापासून ऐकलंय. मग नाचणीसत्त्व, तूप, केळं, रात्री झोपेत दुधाची बाटली. पहिल्या वर्षात असा गुटगुटीत झाला की लोक कडेवर मागून घ्यायचे, दृष्ट काढायला लागायची. मला वाटायचं मी जिंकले.

घरी आल्यावर मी वाचत सुटले आणि जे सापडलं ते आपल्या पुण्यातलंच निघालं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने 1990च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. म्हणजे आपली बाळं चणीने लहान, पण कमी काय होतं तर स्नायू, पोटातले अवयव. पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र जवळपास त्यांच्याइतकीच होती. याला ते म्हणतात बारीक दिसणारं पण चरबीवालं बाळ. पुढे 2004 साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. मी तो आकडा नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला. अशा बांध्याच्या मुलाला आपण लहानपणी घाईघाईने बाळसं चढवतो तेव्हा वाढते ती बरीचशी चरबीच. त्याच गावांतल्या अभ्यासात दोन तृतीयांश आयांना बी12 कमी होतं, आणि ज्यांचं बी12 कमी आणि फोलेट जास्त त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनचं न ऐकणं, सगळ्यात जास्त दिसला. माझं बी12 त्या नऊ महिन्यांत तपासलं होतं का, जुन्या फाईली काढल्या, नव्हतं.

पण मॅडमच्या खोलीतली एक गोष्ट राहिली. घरात डायबेटिस कुणाला, असं विचारल्यावर सासूबाईंनी हात वर केला, पंचेचाळिशीपासून आहे. मॅडम म्हणाल्या, आजी, जरा पदर बाजूला घेता का. सासूबाईंच्या मानेवर तोच पट्टा. अगदी तोच, फक्त फिकट. त्या म्हणाल्या अहो हे मंगळसूत्रानं पडलंय, लग्नापासून आहे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, मंगळसूत्र पुढेही रुळतं ना, पुढे कुठंय काळं? सासूबाई घरी येईपर्यंत रिक्षात नातवाचा हात धरून बसल्या होत्या.

जीनची टेस्ट करायची का, मी विचारलंच. त्या म्हणाल्या याला गरज नाही. एकाच जीनमधल्या बिघाडाने येणारा लठ्ठपणा फार विरळा, आणि तो पाच वर्षांच्या आतच भयंकर भुकेसकट दिसायला लागतो. केंब्रिजच्या डॉक्टरांनी 1997 मध्ये अशा दोन मुलांबद्दल लिहिलं, मूळ पाकिस्तानी कुटुंबातली, सख्खी नव्हे तर चुलत-मावस नात्यातली भावंडं, मुलगी 8 वर्षांची आणि 86 किलो, मुलगा 2 वर्षांचा आणि 29 किलो. जन्मले तेव्हा दोघंही नेहमीच्या वजनाचे. चरबीच्या पेशी मेंदूला "पुरे आता" असा निरोप लेप्टिन नावाच्या हार्मोनकडून पाठवतात, आणि या मुलांच्या जीनमध्ये एका अक्षराची चूक होती म्हणून लेप्टिन तयारच होत नव्हतं. मेंदूला वाटत होतं पोर उपाशी मरतंय. त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर एका वर्षात 16 किलो वजन उतरलं. रोज इतकी वर्षं तिला कुणीकुणी काय काय बोललं असेल हे माझ्या डोक्यातून जात नाही.

बाकी आपल्यासारख्यांच्यात शेकडो जीन, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. 2007 साली सापडलेलं एफटीओ नावाचं जीन त्यातलं ठळक, त्याचा वजन वाढवणारा प्रकार आईबापांकडून दोन्हीकडून आला तर मोठेपणी सरासरी तीन किलो जास्त वजन, आणि मुलांत तो काम करतो तो मुख्यतः भुकेवर, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. म्हणजे माझा लेक तिसरी पोळी मागतो तेव्हा त्याला खरंच भूक असते. त्याला हावरट म्हणणाऱ्यांशी मी आता भांडते. माझ्या आईशीही भांडले.

रिपोर्ट आले ते असे, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, 5.8, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन. वजन 52, उंची 144. मॅडमनी वजन उतरवायचं टार्गेट दिलंच नाही, वजन आहे तिथे थोपवा आणि उंचीला वाढू द्या म्हणाल्या. वाटीभर उसळ आधी मग पोळी, बिस्किटं-फरसाण घरात आणायचंच नाही आणि हा नियम सगळ्या घराला, ज्यूस आणि गोड दूध बंद, रात्री नऊला मोबाईल बंद, रोज तासभर घाम येईल असं काहीतरी. त्याने कबड्डी निवडली, कारण तिथे त्याच्या वजनाला मान आहे, कव्हरला उभा राहतो.

नऊ महिने झाले. 53 किलो, 149 सेंटिमीटर. एचबीएवनसी 5.5. मानेचा पट्टा कडेने फिकट व्हायला लागलाय, मधे आहे अजून, वेळ लागेल म्हणाल्यात. सासूबाई रात्री जेवणानंतर त्याच्यासोबत कॉलनीला दोन फेऱ्या मारतात. परवा मी त्याचे केस कापायला टॉवेल गुंडाळत होते, मानेला हात लागला, आणि तो आपला कबड्डीच्या मॅचचं सांगतच राहिला.