चालत होतं, तर काढून का आणलंत?

हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारतात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर विचारतात, परवा तर बँकेत कर्जाची चौकशी करायला गेले तिथंही विचारला. पाण्यात आपोआप क्लोरीन सोडणारं मशीन बनवलंत, दक्षिण सोलापुरातल्या एका गावात बसवलंत, ते चालतही होतं. मग स्वतःच जाऊन खोलून का आणलंत? दरवेळी मी काहीतरी अर्धवट बोलून विषय बदलते. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाच सगळं सांगते. गावाचं नाव घेणार नाही.

आधी "डोसिंग पंप बाजारात तयार मिळतात की" म्हणणाऱ्यांसाठी. ठरलेल्या मापानं रसायन सोडणारे हे पंप मिळतात, आणि चांगले असतात. मी टॉवेल कारखान्यांच्या डाइंगसाठी कंट्रोल पॅनेल बनवते, असले पंप रोज हाताखालून जातात. पण मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ च्या आसपास असताना पत्र्याच्या पंपघरात हायपोचा, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचा, कॅन ठेवून बघा. हे सोडियम हायपोक्लोराइट उन्हाळ्यात कॅनमध्येच मरत जातं आणि मरताना वायू सोडतं. तो बुडबुडा डायफ्रॅम पंपाच्या, म्हणजे पडदा मागंपुढं हलवून रसायन ढकलणाऱ्या पंपाच्या, डोक्यात अडकला की पंप टकटक करत राहतो, पुढं थेंब जात नाही. म्हणून मी पेरिस्टाल्टिक पंप घेतला. डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्त पुढं ढकलायला असतो तोच प्रकार. रोलर फिरत फिरत नळी दाबत जातात, बुडबुडा आला तर तोही पुढं ढकलला जातो, आणि रसायन नळीशिवाय कशालाच लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण हायपो स्टीलसुद्धा खातं.

दुसरं, त्या गावची विहीर शेतीच्या फीडरवर. थ्री फेज कधी दिवसा, कधी मध्यरात्री. ठराविक वेळ लावून चालणारा पंप तिथं काय कामाचा? मी पाण्याच्या मीटरमधून पल्स घेतली, म्हणजे ठराविक पाणी गेलं की मिळणारा विजेचा इशारा. पाणी गेलं तर मोटर फिरणार, नाही गेलं तर नाही. लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन धरलं, तर पन्नास हजार लिटरच्या टाकीला दहा टक्क्यांचं हायपो बरोबर एक लिटर लागतं. तेच मी निम्मं पाणी घालून पातळ करत होते, कारण पातळ हायपो जास्त टिकतं. ते पाणीही गावच्या आरओचं. विहिरीचं जड पाणी घातलं की तळाला पांढरा गाळ बसतो.

गाळावरून आठवलं. सगळ्यात जास्त त्रास मला पंपानं दिला नाही, इंजेक्शनच्या टोकानं दिला. जड पाण्यात हायपो जिथं मिसळतं तिथंच चुना धरतो. टोक उघडून बघितलं की आत दाताच्या किटणासारखा कडक थर, मधे सुई जाईल एवढं भोक. शेवटी ते टोक हातानं काढता येईल असं केलं. काढायचं, साध्या पाण्यानं भरपूर धुवायचं, मग व्हिनेगरमध्ये ठेवायचं. धुतल्याशिवाय आम्लात घालायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. हे मी तक्त्यावर लाल अक्षरात लिहून पंपघरात लावलं होतं.

तो तक्ता ज्यांच्यासाठी लावला ते गावचे जलसुरक्षक, म्हणजे पाण्यात क्लोरीन टाकायला आणि तपासायला ग्रामपंचायतीनं मानधनावर ठेवलेले. मी त्यांना मामा म्हणायचे. मशीन यायच्या आधी ते बादलीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवायचे, हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशोबानं, निवळी वरच्या वर टाकीत ओतायचे. टाकी रात्री भरलेली असायची, निवळी सकाळी पडायची. पहिल्या गल्लीत वासानं पाणी तोंडात धरवायचं नाही आणि शेवटच्या वस्तीवर ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या थेंबांच्या चाचणीला, रंगच नाही. मामांना हे माझ्यापेक्षा आधी माहीत होतं. ते टेस्ट कशी करायचे, सांगते. नळीत पाणी घ्यायचे, ओटीचे थेंब टाकायचे, आणि डोक्यावरची टोपी काढून तिच्या पांढऱ्या कापडासमोर नळी धरायचे. लगेच वाचायचे. "मॅडम, पाच मिन्टानं बघितलेला पिवळा खरा नसतो," असं त्यांनीच मला सांगितलं, आणि ते बरोबर आहे. उशिरा येणाऱ्या पिवळ्यात संयुक्त, म्हणजे पाण्यातल्या अमोनियासारख्या घाणीशी जोडला गेलेला, क्लोरीनही मिसळलेला असतो, मोकळा किती ते कळत नाही.

मशीन बसलं आणि शेवटच्या वस्तीवरही रंग यायला लागला. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक हवा असं आहे. तो तिथं मिळत होता. मामा स्वतः सायकलवर जाऊन बघून यायचे आणि मला फोन करायचे. ते दिवस मला फार आवडले होते. हे कबूल करते, कारण पुढचं ऐकताना काहींना वाटतं की मला ते मशीन मनापासून नकोच होतं.

मग मासिक सभेत कुणीतरी विषय काढला, की मशीन आलं तर आता जलसुरक्षकाचं मानधन कशाला? ते मानधन म्हणजे रक्कम ती किती. तरी बंद झालं. मला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. मला कळलं ते मामा एसटीनं सोलापूरला, माझ्या शेडवर आले तेव्हा. खुर्ची दिली तर बसले नाहीत. पिशवीतून ओटीची बाटली, नळी आणि नोंदवही काढून टेबलावर ठेवली. "मशीन चांगलंय की," म्हणाले, "पण हे आता तुमच्यापाशीच ठिवा." माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. वहीत प्रत्येक वस्तीचा कॉलम होता, शेवटच्या पानावर पुढच्या आठवड्याच्या तारखा आधीच टाकून ठेवलेल्या होत्या.

मी ग्रामपंचायतीत जाऊन बोलले. ऐकून घेतलं सगळ्यांनी. "तुम्हीच तर म्हणाला होता, माणूस लागणार नाही." होय, म्हणाले होते. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, मानवी हस्तक्षेपाशिवाय. तो कागद आता काढून बघितला की मला तो लिहिणाऱ्या त्या बाईशी भांडावंसं वाटतं. पण तिचंही म्हणणं काही वेडेपणाचं नव्हतं. रात्री दोनला थ्री फेज आली तर पासष्टीच्या माणसानं उठून पंपघरात जावं असं तुम्हाला वाटतं का? ते काम माणसाच्या अंगावरून काढायलाच हवं होतं, आणि आजही माझं तेच मत आहे. टोपीसमोर नळी धरायचं काम मशीन करणार असं मी कुठं लिहिलं नव्हतं. नव्हतं लिहिलं, पण करणार नाही असंही लिहिलं नव्हतं.

त्यानंतर मी गेले ती नळी बदलायला. पेरिस्टाल्टिकची नळी झिजते, वेळच्या वेळी बदलावीच लागते. पंपघरात शिरले तर नेहमीचा वास नाही. कॅन उचलला तर हलका लागला. तळाला बोटभर कोरडा पांढरा थर. कॅन संपत आला की वाजणारा बझर होता, त्याची वायर कुणीतरी कापून टेप लावून ठेवली होती, अगदी नीट. शेजारच्या घराला रात्री आवाजाचा त्रास होत होता म्हणे. मी मेमरी कार्ड काढून तिथंच लॅपटॉपवर बघितलं. एक दिवस चुकलेला नव्हता. इतकं पाणी गेलं, इतके फेरे मारले, इतका डोस दिला. मोटर रिकाम्या नळीतून हवा ढकलत होती आणि मशीनच्या लेखी गावाला रोज क्लोरीन मिळत होता. मामांचीच ओटीची बाटली माझ्या गाडीत होती. शेवटच्या वस्तीवरच्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पाण्यासारखंच राहिलं. तिथं एक बाई हंडा भरत होती. तिला म्हणाले, आज उकळून प्या. ती म्हणाली, "का? मशीन हाय की आता."

त्या वाक्यासाठी मी मशीन काढलं. दुसरं कारण नाही.

लगेच पुढचा प्रश्न येतो, लेव्हल सेन्सर का नाही वाढवला, मोबाइलवर मेसेज का नाही लावला, क्लोरीनचा ऑनलाइन सेन्सर का नाही? लेव्हल सेन्सर होता, बझर त्यालाच जोडलेला होता. मेसेज आता लावलाय, नव्या सर्किटमध्ये. पण तो कुणाच्या मोबाइलवर जाणार? क्लोरीनचा सेन्सर माझ्या सगळ्या मशीनपेक्षा महाग पडतो, त्याची मेंब्रेन बदलावी लागते, आणि त्याला कॅलिब्रेट करायला कुणीतरी हातानंच टेस्ट करावी लागते. म्हणजे पुन्हा माणूस आलाच.

ज्यांचा आरोप मला खरोखर लागतो ते वेगळेच. ते म्हणतात, मशीन नीट करून तिथंच ठेवायचं होतं, काढून तुम्ही गावाला आहे त्यापेक्षा मागं नेलंत. याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. मामा परत गेले नाहीत. आता पंप ऑपरेटर आठवेल तेव्हा पावडर टाकतो, पहिल्या गल्लीत वास, शेवटी काही नाही. मशीन कॅन भरून चालू ठेवलं असतं तर काही महिने तरी शेवटच्या वस्तीला क्लोरीन मिळाला असता. मग कॅन परत संपला असता. कधी संपला ते कुणाला कळलं नसतं. पण पावडर पडली नाही तर वास येत नाही आणि लोकांना तेवढं तरी कळतं, हा माझा युक्तिवाद. तो मला रात्री पटतो, सकाळी तितका पटत नाही.

नव्या मशीनमध्ये एक बदल केलाय, त्यावर माझा भाऊच चिडलाय. आठवड्यातून एकदा ओटीचा आकडा बटणं दाबून भरला नाही, तर डोस चालू राहतो, पण पंपघराच्या बाहेर लाल दिवा लागतो आणि आकडा भरेपर्यंत विझत नाही. रस्त्यावरून दिसेल एवढा मोठा दिवा. भाऊ म्हणतो, असलं मशीन कोण विकत घेईल? दोन गावांनी विचारलंय. दोघांनाही मी सांगितलंय, जलसुरक्षकाचं मानधन चालू राहील असा ठराव आधी दाखवा. एका गावचे सरपंच म्हणाले, "ताई, तुम्ही मशीन विकणार, आमच्या ठरावाशी तुम्हाला काय करायचंय?" दुसऱ्या गावाचं अजून काही आलेलं नाही.