तुम्ही विचारलंत म्हणून : बागेवर नेमकं काय मारू?

"तुम्ही झाडांवर कुठलं औषध मारता?" हे मला सतत विचारलं जातं. कुणाच्या पपईवर पांढरा कापूस चढलेला असतो, कुणाची रोपं रात्रीत गायब, कुणाचे आंबे अर्धे खाल्लेले, आणि सगळ्यांना बाटलीचं नाव हवं असतं. माझं म्हणणं एकच, आधी खातंय कोण ते बघा, मग त्याची वाट अडवा, आणि फवारणी सगळ्यात शेवटी.

रात्री टॉर्च घेऊन बागेत एक चक्कर मारा, बरंच काही तिथेच कळतं. रोप जमिनीलगत कापून पडलंय तर बुंध्याजवळची माती बोटभर उकरा, बहुतेक वेळा गुंडाळी करून बसलेली अळी सापडते. पानांवर चकाकणारा वाळलेला माग असेल तर गोगलगाय. झाडाखाली चावून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या दिसल्या तर वटवाघूळ, सालीवर समांतर दातांचे ओरखडे असतील तर उंदीर. आणि पानाच्या कडेचा गोल तुकडा अगदी सफाईने कापून नेलाय ना, ती पान कापणारी मधमाशी, घरट्यासाठी नेते, तिला प्लीज काही करू नका. आता सांगा, या सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?

फवारणी शेवटी का म्हणते, तर उष्ण प्रदेशात कडक थंडी पडतच नाही, त्यामुळे किडीची साखळी वर्षभर तुटत नाही. मावा बघा, मादीला नराची गरजच नसते, ती थेट जिवंत पिल्लं देते आणि उबदार हवेत ती पिल्लं साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतात. त्यांना खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्याला अंड्यापासून मोठं व्हायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे जहाल औषध मारलं की दोघंही मरतात पण परत आधी येतो तो मावाच, आणि यावेळी त्याला खायला कोणी नसतं. मिलीबगचं, म्हणजे पपईवर चढणाऱ्या त्या पांढऱ्या कापसासारख्या किडीचं, तर अजून वाईट, त्याला फस्त करणारा क्रिप्टोलेमस नावाचा भुंगा आहे, त्याची अळी पण पांढऱ्या मेणाच्या झालरीची, हुबेहूब मिलीबगसारखी दिसते आणि लोक तीच चिरडतात. जी जरा मोठी आहे आणि भराभर चालतेय ती आपली, तिला राहू द्या!

मुंग्यांकडे पण लक्ष द्या. मावा आणि मिलीबग जो गोड चिकटा सोडतात तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या या किडींच्या शत्रूंना हाकलतात, आणि त्याच चिकट्यावर पानांवरची काळी बुरशी वाढते. खोडाला कागद गुंडाळून त्यावर चिकट पट्टी लावा (सालीला थेट नको), भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटा, मग पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून. एवढ्यावर पुष्कळदा भागतं. नाहीच भागलं तर नीम तेल थोड्या साबणासोबत, आणि तेही संध्याकाळी, कारण त्यातलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. ते किडीला लगेच मारत नाही, तिचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी किडी दिसल्या म्हणून नीम फेल गेलं असं धरू नका.

फळमाशी सालीखाली अंडी घालते, आतल्या अळीपर्यंत वरची फवारणी पोचतच नाही. फळ लहान असतानाच त्यावर कागदी पिशवी चढवा आणि पडलेली किडकी फळं रोज उचलून काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उन्हात ठेवा, नाहीतर अळ्या मातीत शिरून तिथेच कोष करतात. नर माशीला वासाने ओढणारा ट्रॅप मिळतो, आंब्यासाठी मिथाइल युजेनॉलचा आणि वेलभाज्यांसाठी क्यू-ल्युअरचा, पण त्यात फक्त नर अडकतात, म्हणून नुसत्या ट्रॅपवर विसंबू नका.

मोठ्या आफ्रिकन गोगलगायी ग्लोव्हज घालूनच वेचा, त्यांच्यात माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा परजीवी जंत असू शकतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यामांजरांच्या जिवावर उठतात, त्यापेक्षा आयर्न फॉस्फेटच्या बऱ्या. आणि गोगलगायी खाणारा दुसरा प्राणी बाहेरून आणून सोडायचं तर मनातही आणू नका. याच कामासाठी पॅसिफिक महासागरातल्या मूरिया बेटावर 1977 मध्ये शिकारी गोगलगाय सोडली होती, तिने तिथल्या जंगलातल्या छोट्या पार्टुला गोगलगायी दहाएक वर्षांत संपवल्या. फार वाईट वाटतं मला याचं.

तिखटाचं पाणी उंदरांसाठी थोडंफार चालतं, पाऊस पडला की परत मारावं लागतं. पक्ष्यांना मात्र मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यांच्यासाठी जाळीच. ती जाळी करंगळी आत जाणार नाही इतकी बारीक आणि ताणून बांधलेली हवी, सैल मोठ्या भोकांच्या जाळीत वटवाघळं आणि साप अडकून तडफडून मरतात. वटवाघळं कितीतरी झाडांचं परागीभवन करतात हो, त्यांचा जीव असा जायला नको.

राहिली माकडं. बुजगावणं, चकचकीत पट्ट्या, आवाज, सगळ्याला ती लवकर सरावतात. छतासकट बंद पिंजरा केला तरच भाज्या वाचतात. मोठ्या झाडांना ते शक्य नाही, म्हणून मी फळ झाडावर पिकूच देत नाही, पपईवर पिवळी रेघ दिसली की काढते, केळ्याचा घड भरला की हिरवाच उतरवते, दोन्ही घरात छान पिकतात.