कर कधी कुणाच्या यूपीआयवर भरत नाहीत

नाशिकच्या शालिमारजवळच्या आमच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात परवा पिंपळगावचे एक द्राक्ष बागायतदार काका घामाघूम होऊन आले. हातात चालू फोन. पलीकडचा आयकर अधिकारी असल्याचं सांगून दरडावत होता, "कॉल कट मत करना, वॉरंट निकला है, अभी पैसा भेजो." मी फोन घेतला आणि नोटिशीचा डीआयएन, म्हणजे तिची ओळख पटवणारा नंबर, विचारला. त्याने एक शिवी हासडली आणि फोन ठेवला.

१ ऑक्टोबर २०१९ पासून, मोजके अपवाद सोडले तर, आयकर खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर हा नंबर असतो. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो. आणि कर सरकारी चलन भरूनच भरला जातो, कुणाच्या यूपीआयवर नाही! डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरच अटक, तर कायद्यातच नाही.

थकीत कर्जाच्या नावाने धमकावणारेही तसलेच. खऱ्या वसुलीवाल्यालाही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कर्ज घेतल्याचं आठवतच नसेल, तर आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका, माझी कळकळीची विनंती आहे. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त.