मेडिकेअर हवं, सरकार नको

डॉक्टरांनी सांगितलेला माझा पाठीचा एमआरआय इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, विमा कंपनीने नाकारला. 'वैद्यकीयदृष्ट्या गरज दिसत नाही, आधी फिजिओथेरपी करा.' हे ठरवणाऱ्याने माझी पाठ पाहिलेलीसुद्धा नाही. आणि टीव्हीवर एक उमेदवार घसा ताणून सांगतोय, तुमच्या आणि तुमच्या डॉक्टरच्या मध्ये सरकारला येऊ देऊ नका! अहो, मध्ये जागा आहेच कुठे? तिथे कंपनी केव्हाची मांडी ठोकून बसलीय.

ही भीती इथे पिढ्यान् पिढ्या विकली जाते. १९६१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा नटच होते) डॉक्टरांच्या संघटनेसाठी एक ध्वनिमुद्रिका केली. सरकारी वैद्यकीय सेवा आली की समाजवाद आलाच म्हणून समजा, असा सूर. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, ती ऐकवायची आणि खासदारांना पत्रं लिहून घ्यायची, अशी पद्धतशीर मोहीम होती. तरी १९६५ मध्ये मेडिकेअर (मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आलं. आज ते बंद करू असं उघड म्हणायची छाती कुठल्याही मोठ्या पक्षाला होत नाही. २००९ मध्ये तर साउथ कॅरोलायनातल्या एका सभेत एका गृहस्थाने खासदाराला ठणकावलं होतं, 'माझ्या मेडिकेअरपासून सरकारने हात लांब ठेवावेत!' आता काय बोलणार?

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्य विम्याच्या विधेयकावरून सारा पेलिनबाईंनी (आदल्या वर्षीच्या विरोधी पक्षाच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार) 'डेथ पॅनल'ची हूल उठवली. म्हणे म्हाताऱ्यांनी जगावं की नाही, हे सरकारी बाबू ठरवणार. मूळ तरतूद एवढीच होती की, शेवटच्या दिवसांत काय उपचार हवेत याबद्दल रुग्णाला डॉक्टरांशी बोलायचं असेल, तर त्या भेटीचे पैसे मेडिकेअरने द्यावेत. तीही ऐच्छिक. आरडाओरडा इतका झाला की ती विधेयकातून काढावी लागली. २०१६ पासून मेडिकेअर हेच पैसे मुकाट्याने देतं. फारसा कुणी ब्र काढला नाही.

ओबामाही काही धुतल्या तांदळाचे नव्हेत. 'विम्याचा आवडता प्लॅन तुमच्याकडेच राहील' म्हणाले आणि २०१३ मध्ये लाखो लोकांच्या हाती प्लॅन रद्द झाल्याची पत्रं पडली. पण त्यांच्या कायद्याला 'सरकारने आरोग्यसेवा ताब्यात घेतली' म्हणणं म्हणजे कहर. विमा विकणाऱ्या कंपन्या खाजगीच राहिल्या की! माजी सैनिकांची इस्पितळं मात्र खरोखर सरकारी, डॉक्टरसुद्धा पगारी सरकारी नोकर. त्यांना समाजवादी म्हणून बघा भर सभेत.

एक मात्र मानलं. इथला साधा माणूस माइक हातात घेऊन खासदाराला तोंडावर जाब विचारतो. आपल्याकडे आमदारसाहेबांना विचारून दाखवा.

मग परत का येत नाहीस, असं तुम्ही विचारालच. विमा नोकरीला बांधलेला, नोकरी व्हिसाला. शिवाय इथल्या डॉक्टरीणबाई माझं सगळं शांतपणे ऐकून घेतात, कंपनी काही का म्हणेना. आणि सरकारी आरोग्यसेवेचे गोडवे तिथून मला ऐकवू नका. चार पैसे हातात आल्यावर तुमच्यापैकी सिव्हिल हॉस्पिटलची पायरी कोण चढलंय?