पालेर्मोला गेलात तर मान वर करून चाला

सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरातल्या नॉर्मन राजवाड्यातल्या काप्पेल्ला पालातिना या चॅपलमध्ये शिरलं की पहिली नजर जाते ती सोनेरी मोझेककडे. तिथून ती काढून मधल्या दालनाच्या छताकडे न्या. दुर्बीण जवळ असेल तर उत्तमच, कारण चित्रं बारीक आहेत आणि छत उंच.

हे छत लाकडी आहे. पातळ फळ्या जोडून केलेल्या कोनाड्यांचे थरावर थर मधाच्या पोळ्यासारखे खाली उतरतात. यालाच मुकर्नस म्हणतात. मध्यावर आठ टोकांच्या चांदण्यांच्या रांगा, कडेने कूफी लिपीत राजाला सामर्थ्य आणि भरभराट चिंतणारे अरबी शब्द. आणि प्रत्येक इंचावर रंग! हातात पेला घेऊन मांडी घालून बसलेले पुरुष, वादक, नर्तकी, उंट, हत्ती, गरुड. पागोटी बांधलेले दोघं बुद्धिबळ खेळतायत, त्यांच्यापाशी मी खूप वेळ रेंगाळले. समोर ख्रिस्त आणि संत, डोक्यावर दरबारातलं सुख. मला त्यात विसंगती जाणवलीच नाही.

ज्याने हे करवून घेतलं तो दुसरा रॉजर सिसिलीचा राजा, उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन घराण्यातला ख्रिस्ती. ११३० मध्ये त्याचा राज्याभिषेक झाला आणि छत ११४०च्या दशकातलं. त्याआधी, ८३१ पासून १०७२ मध्ये नॉर्मनांनी जिंकेपर्यंत, हे शहर मुसलमान राज्यकर्त्यांकडे होतं. रॉजरच्या दरबारात अरबी, ग्रीक आणि लॅटिन तिन्ही भाषा चालायच्या. छताच्या चित्रांची शैली मात्र थेट फातिमी खलिफांच्या इजिप्तशी नातं सांगते.

पुढच्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीतल्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेराला हलवलं. माणसं गेली, कसब राहिलं. ते बघायला मी पियाझ्झा मरीनावरच्या स्तेरी वाड्यात गेले. तिथल्या मोठ्या दालनाचं तुळयांचं छत १३७७ ते १३८० मध्ये रंगवलं गेलं. चितारी तिघं: सिमोने दा कोर्लेओने, चेक्को दी नारो आणि पेल्लेग्रिनो दारेना. नावं पूर्ण ख्रिस्ती. गोष्टीही युरोपातल्या सरदारांच्या, ट्रॉयच्या हेलनच्या. पण त्यांच्या अधूनमधून भौमितिक नक्षी आणि वेलबुट्टी येते, आणि रंगाशिवाय बोटभरही लाकूड मोकळं न सोडण्याचा हट्ट तोच.

दोन्ही एकाच दिवशी बघा. आधी राजवाडा, मग स्तेरी.