घरपट्टीच्या लिलावात बोली लावण्याआधी

मार्च जवळ आला की घरपट्टी थकलेल्या मिळकतींच्या लिलावासाठी महापालिकांच्या जाहीर नोटिसा वर्तमानपत्रांत दिसू लागतात. मिळकत क्रमांक, थकबाकीदाराचं नाव, रक्कम, लिलावाची तारीख. एखादा गाळा बाजारभावापेक्षा स्वस्तात पदरात पडेल असं पुष्कळांना वाटतं, आणि कधीकधी पडतोही. पण इथे विकला जातो तो थकबाकीदाराचा त्या मिळकतीत जो काही हक्क असेल, तेवढाच. मालकी निर्वेध आहे अशी हमी महापालिका देत नाही. घरपट्टीच्या नोंदवहीतलं नाव हे कर कोणाकडून घ्यायचा यासाठी असतं, मालकी ठरवण्यासाठी नव्हे.

मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. वसुलीचे मार्ग कलम १२८ मध्ये दिलेत आणि त्यांची रीत अनुसूची 'ड' च्या आठव्या प्रकरणात, म्हणजे कराधान नियमांत. क्रम ठरलेला आहे: बिल, मागणीची नोटीस, वॉरंट, जप्ती आणि शेवटी विक्री. मुंबईत १८८८ चा कायदा चालतो. तिथे बिल मिळाल्यापासून ९० दिवसांत कर भरायचा असतो, नाहीतर कलम २०३ ची नोटीस येते. तिच्यात २१ दिवसांची शेवटची मुदत असते, आणि पुढची कारवाई कलम २०६ पर्यंत, म्हणजे लिलावापर्यंत जाते.

थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे ५० महिन्यांत, चार वर्षं दोन महिन्यांत, शास्ती मूळ कराएवढी होते. लिलावाच्या नोटिशीतला आकडा मोठा दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच.

सील आणि जप्ती यांत लोक नेहमी गल्लत करतात. दुकानाला सील ठोकलं म्हणजे मिळकत लिलावासाठी जप्त झाली असं नाही. स्थावर मिळकतीची जप्ती लेखी आदेशाने होते. त्या आदेशानंतर मालकाला ती विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, आणि ठेवली तरी महापालिकेच्या मागणीपुढे तो व्यवहार टिकत नाही. आदेश मिळकतीवर डकवावा लागतो आणि जाहीरही करावा लागतो.

हे लिलाव कोर्टात अडकतात ते प्रामुख्याने नोटिसांमधल्या आणि त्या बजावण्यातल्या चुकांमुळे. वॉरंट मयत माणसाच्या नावावर निघतं आणि वारसांना नोटीसच जात नाही. चार भावांत वाटणी झालेल्या वाड्याला एकच बिल जातं. जाहीर नोटिशीत जुना सर्व्हे नंबर असतो आणि प्रॉपर्टी कार्डावर सिटी सर्व्हे नंबर. अशी एक चूक पुरते, आणि तुमचे पैसे महिनोन्‌महिने अडकून राहतात. म्हणून बोली लावण्याआधी कर विभागात अर्ज करून बिल, नोटीस, पोच आणि पंचनामा यांच्या प्रती मागा. पोच मिळत नसेल तर त्या मिळकतीचा नाद सोडलेला बरा.

त्यानंतर सातबारा किंवा मिळकत पत्रिका (म्हणजे प्रॉपर्टी कार्ड), इंडेक्स दोन (म्हणजे नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा) आणि वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल. बँकेचा बोजा इथेच कळतो आणि तो फार महत्त्वाचा आहे. १९४९ च्या अधिनियमातल्या कलम १४१ नुसार मालमत्ता कर हा मिळकतीवरचा पहिला बोजा आहे, फक्त जमीन महसूल त्याच्या आधी. पण सरफेसी कायद्याचं, म्हणजे बँकांच्या तारण-वसुलीच्या कायद्याचं, कलम २६ई हे २४ जानेवारी २०२० पासून अमलात आलं, आणि बँकेने आपला बोजा सरसाईकडे, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयाकडे, नोंदवलेला असेल तर तिचं येणं स्थानिक संस्थेच्या करापेक्षाही आधी. सरसाईवरचा शोध काही मिनिटांचं काम आहे. तो न करता बोली लावू नका.

बांधकाम परवानगी आणि भोगवटा पत्र बघाच. अनधिकृत बांधकामावरही कर आकारला जातो, शिवाय १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६७अ खाली कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते. पण कर भरल्याने किंवा लिलावात घेतल्याने ते बांधकाम नियमित होत नाही. आत भाडेकरू आहे का, सोसायटीची आणि विजेची थकबाकी किती, ताबा कोण देणार, हे लिलावाच्या अटींत वाचा. अटींत 'जसं आहे, जिथे आहे' असं असेल तर ताब्याची लढाई तुमची.

हातची किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किमान रक्कम, जास्त ठरली की बोली येतच नाही. शेजारच्या माणसाचं घर लिलावात घ्यायला लोक कचरतात, हेही एक कारण. अशा वेळी काही महापालिका १ रुपयाची नाममात्र बोली लावून मिळकत स्वतःच्या नावावर घेतात. तिजोरीत त्या दिवशी काही येत नाही, पण थकबाकीदार पैसे घेऊन येतो.

मालकाने एवढं करावं. आकारणीच चुकीची वाटत असेल तर १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४०६ खालचं अपील १५ दिवसांत, आणि त्यासाठी वादातली रक्कम आधी भरावी लागते. लिलावाच्या नोटिशीनंतर आकारणीचा वाद काढायला फार उशीर झालेला असतो. अभय योजना चालू असेल तर शास्तीत सूट मिळते, मूळ करात नाही. आणि मिळकत विकली गेलीच, तर कर, शास्ती व खर्च वजा जाता उरलेली रक्कम मागणारा लेखी अर्ज लगेच द्या आणि त्याची पोच घ्या.